नियम आधी खेळून पाहावेत

नियम करणारा आणि नियम पाळणारा यांच्यात अंतर वाढले की सद्हेतूने केलेला नियमही जाचक ठरतो. राज्यकारभाराला जे अद्याप पुरते उमगलेले नाही, ते खेळांच्या जगाला मात्र कधीच उमगले आहे.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर योद्धा, मांत्रिक, चोर अशी सोंगे घेऊन आपापली कृती ठरवितात. जे अनिश्चित, त्याचा निकाल फासे देतात. अशा खेळात नियमपुस्तक हाच मुख्य आधार. २०१२ साली नवी आवृत्ती काढताना प्रकाशक कंपनीने नियमांचा कच्चा मसुदाच खेळाडूंच्या हाती दिला. लोकांनी तो घरोघरी खेळून पाहावा, कोठे अडते ते कळवावे, त्यानुसार मसुदा बदलावा आणि पुन्हा खेळावयास द्यावा, असा क्रम दीर्घकाळ चालला. २०१४ साली पुस्तक निघाले, तेव्हा १,७५,००० हून अधिक खेळाडूंच्या चाचणीची नोंद त्यात होती. याच कंपनीने २०२३ च्या आरंभी परवान्याच्या अटी बदलू पाहिल्या, तेव्हा १५,००० हून अधिक लोकांनी मत नोंदविले आणि ते इतके प्रतिकूल होते की कंपनीला माघार घ्यावी लागली.

ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. गावोगाव खेळल्या जाणाऱ्या खो-खोला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली लेखी नियम दिले. पण तेवढ्याने खेळ पक्का झाला नाही. पुढे मैदानाचा आकार व मापे बदलत गेली आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाची नियमपुस्तिका निघाली ती १९३५ साली. कागदावर सुबक दिसणारा नियम मैदानात कोठे लंगडतो, हे धावणाऱ्यालाच कळते. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत नऊऐवजी सात खेळाडू आणि कोणत्याही दिशेने धावू शकणारा 'वजीर' आला, म्हणजे शंभर वर्षांनंतरही हा शोध संपलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की शासनही हरकती व सूचना मागवितेच. ते खरे आहे. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमातही पूर्वप्रसिद्धीची तरतूद आहे. पण मसुदा वाचून मत देणे वेगळे आणि तो वापरून पाहणे वेगळे. पहिल्याने शब्दांतील दोष दिसतात. व्यवहारातील दोष दुसऱ्यानेच दिसतात.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांना या भेदाची किंमत नीट ठाऊक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. वर्णनात्मक परीक्षा चांगली की वाईट, हा प्रश्न निराळा. आंदोलनातून जे कळले ते आधी विचारून कळले नसते काय, हा खरा प्रश्न आहे. २०२४ च्या 'नीट' परीक्षेत वाया गेलेल्या वेळेपोटी १,५६३ जणांना वाढीव गुण मिळाले, तेव्हा ७२० पैकी ७१९ असे गुणही निघाले. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीस एक वजा, या हिशेबात ७१९ गुण मिळणे अशक्य! दुसऱ्या एका परीक्षेच्या प्रकरणातून उचललेले ते सूत्र दहा-वीस नमुना उत्तरपत्रिकांवर लावून पाहिले असते, तरी ही विसंगती तत्काळ उघड झाली असती. अखेर ते गुण रद्द करून २३ जून २०२४ रोजी फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला.

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रत्येक नियमाला चाचणीचा खर्च असतोच. तो कोणी सोसावयाचा, एवढेच ठरावयाचे असते. खेळात फसलेल्या नियमाची किंमत एक संध्याकाळ असते. परीक्षेत ती एक वर्ष असते, आणि ते वर्ष लातूरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचे असते.

चाचणीलाही मर्यादा आहेत. मोठ्याने बोलणाऱ्यांचाच आवाज ऐकू येतो आणि खेळातून बाहेर पडलेल्यांची नोंद कोणी घेत नाही. लोकप्रिय नियम न्याय्य असतोच असेही नाही. म्हणून निर्णय मतमोजणीने करू नये. कोणती अडचण कळली, काय बदलले आणि जे बदलले नाही ते का, हे मात्र प्रसिद्ध करावे. प्रश्नपत्रिका गुप्त असावी. तिचे नियम गुप्त असण्याचे कारण नाही.

सराव परीक्षांची केवढी तरी यंत्रणा लातूर आणि नांदेड येथे वर्षभर चालू असते. नव्या गुणदानपद्धतीची वा प्रश्नस्वरूपाची चाचणी येथील स्वेच्छेने येणाऱ्या विद्यार्थ्यांवर, निकालाचे ओझे न लादता, सहज घेता येईल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या मूल्यमापनाच्या नियमांपासून हा पायंडा पाडला, तर आयोगाला आणि मंडळांनाही त्याचे अनुकरण करावे लागेल. नियम लागू झाल्यावर विद्यार्थ्यांनी मोर्चे काढावेत, यापेक्षा तो लागू होण्यापूर्वी त्यांनी तो तपासावा, यातच नियम करणाऱ्यांचीही प्रतिष्ठा आहे.