इमानाचं बक्षीस

इव्हान माझेपाने दगा दिला म्हणून युक्रेनी कोसॅकांची स्वायत्तता गेली, हे तुणतुणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. माझेपा हा हेटमान, म्हणजे कोसॅकांचा प्रमुख, 1708 मध्ये झार पीटरला सोडून स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सला मिळाला, हे खरं. पीटरचा सेनापती मेन्शिकोव्ह याने त्याची राजधानी बातुरिन जाळली, माणसं कापली, हेही खरं. पण मग पेत्रो कालनिशेव्स्कीचं काय?

हा झापोरोझ्झियाच्या कोसॅकांचा अखेरचा म्होरक्या. 1768 ते 1774 च्या तुर्की युद्धात त्याची माणसं रशियन सम्राज्ञी कॅथरीनसाठी लढली आणि तिने त्याला सोन्याचं पदकही दिलं. तह झाला, क्रिमियाची खानत तुर्कांच्या हाताखालून निघाली, म्हणजे सरहद्दीवर राखणदारांची गरज सरली. 1775 च्या जूनमध्ये आघाडीवरून परतणारी फौज घेऊन जनरल तेकेलीने कोसॅकांची छावणी, सिच, वेढली आणि लढाई न होताच ती मोडली. कालनिशेव्स्की श्वेत समुद्रातल्या सोलोव्हेत्स्की मठात पंचवीस वर्षं कैदेत राहिला. 1801 मध्ये माफी मिळाली तेव्हा त्याचं वय एकशे दहाच्या घरात होतं असं सांगतात. तो तिथेच राहिला आणि 1803 मध्ये तिथेच मेला. सिच मोडण्यामागे कॅथरीनच्या मर्जीतला पोत्योम्किन होता. त्यानेच काही वर्षांपूर्वी हौसेने याच कोसॅकांत नाव नोंदवलं होतं आणि त्यांनी त्याला ‘ग्रित्स्को नेचेसा’, म्हणजे न विंचरलेला, असं टोपणनावही दिलं होतं. असला भाऊबंद वैऱ्यालाही मिळू नये!

दगा करा नाहीतर जीव द्या, पदरात पडायचं ते एकच. मग दग्याच्या गोष्टी सांगायच्या कुणाला?

याची मेख 1654 मध्येच आहे. पेरेयास्लावला हेटमान बोहदान ख्मेलनित्स्कीने झाराशी निष्ठेची शपथ घ्यायचं ठरवलं आणि झारानेही कोसॅकांच्या हक्कांबद्दल शपथ घ्यावी असं त्यांनी म्हटलं. झाराचा वकील बुतुर्लिन याने साफ नकार दिला: झार प्रजेपुढे शपथ घेत नाही. ज्याने शब्दच दिला नाही त्याने तो मोडला, अशी तक्रार तरी कशी करायची? सोव्हिएत सत्तेने 1954 मध्ये याच प्रसंगाची त्रिशताब्दी ‘पुनर्मीलन’ म्हणून थाटात साजरी केली. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने तो पिरगाळायचा, आणि फोटोखाली लिहायचं मीलन.

शपथेनंतर स्वायत्तता मोडण्याचं काम तलवारीने थोडं आणि दप्तराने फार झालं. पीटरने 1722 मध्ये ‘लिटल रशियन कॉलेजियम’ नावाची कचेरी काढली. तिचा प्रमुख ब्रिगेडियर वेल्यामिनोव्ह, सोबतीला सहा रशियन अधिकारी. कारण काय दाखवलं? कोसॅक सरदार रयतेला नाडतात, तिच्या तक्रारी ऐकायच्या आहेत. आणि गंमत अशी की तक्रारी खोट्या नव्हत्या! सरदार जमिनी गिळत होतेच. साम्राज्याला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, ते घरच्यांनीच तयार ठेवलं होतं. त्याच सुमारास कोसॅकांना लादोगा कालवा खणायला उत्तरेकडे पाठवलं जात होतं, आणि दलदलीत आजाराने ते हजारोंनी मरत होते. हंगामी हेटमान पाव्लो पोलुबोतोकने न्यायालयं सुधारायला घेतली, म्हणजे कचेरीचं निमित्तच काढून घेतलं. तो 1724 मध्ये पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदी म्हणून मेला.

1727 मध्ये तुर्कांशी युद्धाची चिन्हं दिसताच कॉलेजियम गुंडाळलं आणि हेटमान परत दिला. गरज पडली की हक्क, गरज सरली की कचेरी.

1764 मध्ये कॅथरीनने शेवटचा हेटमान किरिलो रोझुमोव्स्की याचा राजीनामा घेतला. त्याने पेन्शन आणि जमिनी घेतल्या. त्याच्या जागी आलेल्या रुम्यान्त्सेव्हने आधी काय केलं? खानेसुमारी. घरं, माणसं, गुरं, जमिनी, सगळं वहीत. 1781-82 मध्ये कोसॅकांच्या रेजिमेंटांचा मुलकी कारभार मोडून तीन प्रांत पाडले. 1783 मध्ये सैन्य रशियन घोडदळात मिसळलं आणि शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीला बांधून टाकलं.

तेव्हा सरदारांनी बंड केलं का? छे. ज्याला वेठबिगार फुकटात मिळतात तो बंड कशाला करेल? 1785 च्या सनदेने रशियन उमरावांचे हक्क त्यांच्याही आवाक्यात आले आणि मंडळी वंशावळी जुळवण्यात गुंतली. काहींनी त्या चक्क बनवून घेतल्या. पुढे पीटर्सबर्गच्या वंशावळी तपासणाऱ्या कचेरीने हरकत काढली की कोसॅक हुद्दे म्हणजे काही उमरावी नव्हे. तेव्हा कुठे यांना पूर्वजांचे पराक्रम आठवले! आजोबा कुठल्या रेजिमेंटचा कर्नल होता, कुणाच्या सहीने त्याला वतन मिळालं, याचे कागद पेट्यांतून निघू लागले, बखरी चाळल्या जाऊ लागल्या. ती रेजिमेंट मोडली तेव्हा यांच्यातल्या बहुतेकांच्या तोंडून ब्रही निघाला नव्हता.