आधी बांध मोजा, मग रान मोजा



रानाची मोजणी लागली की एकच सवाल होतो, "किती गुंठे?" साखळी टाकतात, नाहीतर हातातलं यंत्र घेऊन कडंकडंनं फिरतात, चार कोपरे टिपतात आणि जातात. त्या चार कोपऱ्यांच्या आत पाणी कुठून येतं, कुठं अडतं, कुणी अडवलं, हे कागदावर येत नाही. वरून आम्हालाच ऐकवतात : तुम्ही जंगल तोडलं, माती वाहून गेली, म्हणून झरे आटले. आम्ही म्हणतो, मोजाच. पण पुरतं मोजा.

आम्ही नायगावकडची माणसं. आमच्याकडं जंगल नाही, उघडं गायरान आहे. तुम्ही किनवट, माहूर, हिमायतनगरच्या डोंगरातले. तुमचा वनहक्काचा कायदा, आमचे गायरानाचे जीआर. पण उताराला दगड रचून माती धरायची, हे काम दोन्हीकडं एकच. 1972 च्या दुष्काळात आपल्या आई-बापांनी सडकेची खडी फोडली, आणि त्याच हातांनी रानाचे धुरे बांधले. ते बांध नसते तर मिरगाच्या पहिल्या दोन पावसांत सगळी माती वढ्याला गेली असती.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियम 13 मधे पुराव्यांची यादी आहे. घर, झोपडी यांच्याबरोबर जमीन सपाट केल्याच्या खुणा, बांध, बंधारे हेही त्यात लिहिलंय. जुनी हिर, स्मशान, देवाची जागा हाही पुरावा. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा. यादीतले दोन पुरावे दाव्याला जोडायचे. ताबा मात्र 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. म्हणजे जुना बांध नुसतं पाणी धरत नाही, तुमचा हक्कही धरतो.

"फोटोत तुमचं रान दिसत नाही," असं सांगून दावे फेटाळतात. अहो, गुडघ्याएवढा बांध आभाळातून दिसंल कसा? 2012 च्या दुरुस्तीत साफ लिहिलंय : उपग्रहाचा फोटो पुराव्याला जोड म्हणून चालंल, पुराव्याच्या जागी चालणार नाही.

आणि पाणी आमच्यामुळं संपलं म्हणणाऱ्यांनी जरा इकडं सपाटीला यावं. गोदावरी, मांजरा, मन्याड. ह्यांच्या पात्रातली वाळू ट्रक भरभरून शहराला जाते. वाळू म्हणजे नदीचा माठ. ती पाणी धरते, काठच्या हिरींना पुरवते. वाळू उपसली की हिरीचं पाणी खाली जातं. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते पाणी काय दोन एकर तूर-ज्वारीवाल्यानं पिऊन टाकलं? त्या खोऱ्यातला ऊस कुणाचा, बोअर कुणाचे? ज्याचा उपसा मोठा त्याच्याकडं साखळी जात नाही. ज्याचं रान लहान त्याच्याच कडंनं ती फिरती.

एक गोष्ट आपल्यातही बोलली पाहिजे. आज नवी झाडं तोडून कुणी रान वाढवत असंल, तर ते दाव्यात बसणार नाही, आणि शेजाऱ्याच्या खऱ्या दाव्याला डाग लागंल. झऱ्याच्या डोक्यावर नांगर घालायचा नाही. कलम 5 नं पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचं काम ग्रामसभेवर टाकलंय. हक्क घ्यायचा तर ही राखणही घ्यावी लागंल.

म्हणून ठरवू :

1. मोजणीच्या आधी वनहक्क समितीनं रानोरान फिरून बांध, हिर, झरा, वढा यांचा कच्चा नकाशा काढावा. बांध कुणी, कधी घातला हे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावं.

2. पडताळणीला दोन्ही खात्यांची माणसं हजर पाहिजेत, त्यांची तारखेसह सही पाहिजे. आली नाहीत आणि मागून हरकत घेतली, तर फेरपडताळणी होती. तिलाही आली नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अखेरचा.

3. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करा. पडताळणी पुरी होईपर्यंत रानातून कुणाला उठवता येत नाही, हे कलम 4 मधे आहे.

1940 साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या गोळीला सामोरे गेले. किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्यांच्या नावानं आपण घोषणा देतो, तिच्यात जंगल आणि जमिनीच्या आधी जल आहे.

मोजणीच्या दिवशी कुणी मजुरीला जाऊ नका. एका दिवसाचा रोज बुडंल. पण तुमच्या बांधावर तुम्ही उभे नसला, तर कागदावर तिथं बांधच नसणार.