चिकन धुतलं म्हणजे स्वच्छ झालं का?

आषाढ संपत आला की आपल्या दहिवली-कर्जत परिसरात चिकन-मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. श्रावणाआधी गटारीचा बेत तर ठरलेलाच! चिकन घरी आलं की पहिलं काम काय? नळ सोडायचा आणि खळखळून धुवायचं. माझं स्पष्ट मत आहे, की ही सवय आता बदलायला हवी.

कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जिवाणू असू शकतात. ते कोंबडीच्या आतड्यात असतात आणि कापताना, साफ करताना मांसाला लागतात. नळाच्या पाण्याने ते मरत नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात. वासावरून ते कळत नाहीत. फ्रीझरमध्ये त्यांची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. त्यांना मारते ती उष्णता. मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअस तापलं पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुणी म्हणेल, "आमची आजी धुऊनच करायची, कुणाला काय झालं?" बरोबर आहे. पण तिथे राखण केली ती चुलीवर रटरटणाऱ्या रश्श्याने, पाण्याने नव्हे.

मग धोका कुठे आहे? ताटातल्या कांदा-लिंबात! ज्या सुरीने चिकन कापलं तिनेच कांदा चिरला, तर जिवाणू सरळ पोटात. कांदा कुठे शिजतो? पोपटीचंही तसंच. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात, वालाच्या शेंगांबरोबर लावलेलं चिकन वरून शिजलेलं दिसतं, पण तंगडी हाडापाशी कच्ची राहू शकते. ती उघडून बघायलाच हवी.

हा विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख २० हजार माणसं दगावतात. त्यांत जवळपास १ लाख २५ हजार मुलं पाच वर्षांखालची असतात.

दुकानदाराची जबाबदारी आहेच. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार छोट्या दुकानालाही नोंदणी लागते. माश्या, घाण पाणी, एकच मळकं फडकं दिसलं तर गिऱ्हाइकाने बोललं पाहिजे. पण घरची काळजी आपल्याच हातात आहे. कांदा-लिंबू आधी चिरून बाजूला ठेवा, चिकन नंतर कापा. पिसं किंवा रक्त असेल तर पातेल्यात हलक्या हाताने काढा. मग हात, सुरी, ओटा साबणाने धुवा. शिजवलेला रस्सा दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका.

सूक्ष्मजीवांचा धडा आपण शाळेत वाचतो, परीक्षेत उत्तरंही लिहितो. आज घरी एवढंच विचारा: आपली कांद्याची आणि चिकनची सुरी वेगळी आहे का?