शाईची खोती

आपल्या पैशाने विकत घेतलेले यंत्र आपल्या मालकीचे असते, अशी मालवणच्या बाजारपेठेतील एका छायाचित्रकाराची समजूत होती. गेल्या पावसाळ्यात ती आमच्यादेखत मोडली. एक बाई दिवंगत पतीचा फोटो मोठा करून घेण्यासाठी दुकानात आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बारावे होते. जी शाई आदल्या दिवसापर्यंत निमूटपणे घेतली, तीच प्रिंटरने त्या सकाळी नाकारली. कार्ट्रिज ‘अस्सल’ नाही, असा शेरा पडद्यावर उमटला. रातोरात इंटरनेटवरून यंत्राची अंगभूत आज्ञावली बदलली गेली होती, आणि कंपनीचे कार्ट्रिज कुडाळहून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडणार होता. बाई रिकाम्या हाताने परतल्या. दुकानदार एवढेच म्हणाला, “मशीन माझा, पैसे माझे, आणि हुकूम कंपनीचो!”

ही कंपनी कोणती हे गौण आहे, कारण प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारायचा आणि शाईतून वर्षानुवर्षे वसुली करायची, ही या धंद्याची सर्वमान्य रीतच आहे. वसुली सुटू नये म्हणून कार्ट्रिजवर नखाएवढी चिप बसवलेली असते. शाईचा दर्जा ती तपासत नाही. ती तपासते शाईची जात. २०१६ च्या सप्टेंबरात एचपीच्या असंख्य प्रिंटरांनी एकाएकी परकी कार्ट्रिजे नाकारली, तेव्हा जगभर ओरड झाली. २०२० साली इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने या कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. ‘रिकामे’ म्हणून जाहीर झालेल्या कार्ट्रिजांत शाई शिल्लक असते, या तक्रारीवरून एप्सनवर अमेरिकेत खटले झाले आणि २००६ साली तिला ग्राहकांशी तडजोड करावी लागली.

टाकीचे प्रिंटर आले, आता हे गाऱ्हाणे कशाला, असे कोणी म्हणेल. टाकीमुळे छपाई स्वस्त झाली, हे आम्हांस मान्य आहे. पण ही टाकी आली कोठून? आशियातील बाजारांत दुरुस्ती करणारे कारागीर कार्ट्रिजला भोक पाडून सिरिंजने शाई भरीत होते, बाहेर बाटल्या टांगून नळ्या जोडीत होते. ही चोरी, म्हणून कंपन्यांनी आधी आकांत केला. मग २०१० साली इंडोनेशियात एप्सनने तीच युक्ती स्वतःच्या नावाने बाजारात आणली. त्यानंतरच्या कित्येक यंत्रांत बाटलीचे तोंड असे घडवलेले आहे की ते ठरावीक टाकीलाच बसावे. रंगांची अदलाबदल टळते, हे खरे. बाहेरच्या शाईची वाट अरुंद होते, हेही तितकेच खरे.

आमच्या किनाऱ्यावर या व्यवस्थेचा आणखी एक काच आहे. पावसाळ्यात तारकर्ली-देवबागचे जलक्रीडेचे व्यवहार बंद असतात. पर्यटक नाही, म्हणून फोटोही नाही. वीज तर बेभरवशाची. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. प्रिंटर दीर्घकाळ पडून राहिला की शाई सूक्ष्म छिद्रांत वाळते, आणि मग ती धुऊन काढण्यासाठी पुन्हा शाईच खर्ची पडते. ही धुवणाची शाई यंत्राच्या पोटातील नमद्यात जिरते. यंत्र तिचा हिशेब ठेवते आणि आकडा भरला की काम थांबवते. विकत घेतलेली शाई न वापरता वाया घालवायची, आणि ती वाया गेल्याबद्दल दुरुस्तीचे पैसेही भरायचे!

ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याला हा न्याय अपरिचित नाही. नांगर कुळाचा, घाम कुळाचा आणि वाटा खोताचा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. तो खोत निदान गावात दिसत तरी होता. आजचा चिपमध्ये बसतो.

बाहेरची शाई निकृष्ट असते, फोटो लवकर विटतो, यंत्र बिघडते, असा कंपन्यांचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्यांश आहे. हलक्या शाईचे फोटो भिंतीवर फिके पडलेले आम्हीही पाहिले आहेत. परंतु चांगली शाई आणि वाईट शाई यांतली निवड दुकानदाराने करावयाची, की यंत्राने? खरा हेतू तर एचपीचे तत्कालीन प्रमुख एन्रिके लोरेस २०२४ च्या जानेवारीत बोलूनच गेले: जो ग्राहक पुरेसे छापत नाही किंवा आमची शाई वापरीत नाही, तो आमच्या दृष्टीने वाईट गुंतवणूक होय. ग्राहकाला वाटते, आपण यंत्र घेतले. कंपनीच्या वहीत गुंतवणूक म्हणून नाव आहे ते ग्राहकाचे!

पेटंट असलेली वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटाचा अधिकार संपतो, असा निकाल लेक्समार्कच्या कार्ट्रिजांच्या खटल्यात २०१७ साली दिला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरीच. आपल्या स्पर्धा आयोगानेही सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दोषी धरले होते. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत प्रिंटर कार्ट्रिजांसह येतात; मग पुन्हा भरून चालणारे कार्ट्रिज चिपच्या बळावर कचऱ्यात ढकलणाऱ्याला जाब कोणी विचारायचा?

विक्रीनंतर शाई नाकारणारा कोणताही बदल मालकाच्या लेखी संमतीविना करण्यास बंदी हवी, आणि धुवणाचा नमदा व त्याची मोजणी कोणत्याही कारागिराला बदलता आली पाहिजे. तोवर मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी येथील स्टुडिओ व झेरॉक्सवाल्यांनी शाईची खरेदी एकत्र करावी, आपोआप होणारे बदल यंत्रात बंद करून ठेवावेत, आणि यंत्र अडले की पडद्यावरील शेऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून खरेदीच्या पावतीसह ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार गुदरावी. मालवणच्या त्या दुकानदाराने पावती जपून ठेवली आहे.