काडतुसांचा अडकित्ता

फराळ आटोपून पानाचे तबक पुढे आले, की हात आधी अडकित्त्याकडे जातो. जवळजवळ अशाच घडणीचे एक हत्यार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले शिकारी बाळगीत. जुन्या हत्यारांचे शौकीन त्याला गमतीने 'अक्रोडफोड्या' म्हणतात. फोडायचे मात्र काहीच नसे. झडलेली काडतुसे त्याने पुन्हा भरीत.

काडतुसात वस्तू चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू आणि शिशाची गोळी. बार उडाला की पुंगळी तेवढी शाबूत राहते, आणि चौघींत महाग तीच. आरंभीच्या काही काडतुसांत ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच असे. काठ चेपला की पुंगळी फेकायची. पुढे टोपी बुडाच्या मधोमध आली, आणि काटकसरीला वाव मिळाला. जुनी टोपी ठोकून काढावी, नवी बसवावी, मापाने काळी दारू घालावी, घरी ओतलेली गोळी वर बसवून तोंड आवळावे, की काडतूस तयार!

हिशेब पाहा. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या '४५-७०' काडतुसात ७० ग्रेन दारू. पौंडाचे ग्रेन ७,०००. म्हणजे पौंडभर दारूत नेमके १०० बार. गंमत अशी, की विंचेस्टर कंपनी काडतुसेही विकी आणि ती पुन्हा भरण्याची हत्यारेही!

मला या हत्यारांचे कौतुक वाटते. पण ते तिथेच थांबत नाही. १८७० नंतरच्या दशकात गवताळ मैदानांवर रानगव्यांमागे, म्हणजे बायसनांमागे, लागलेले शिकारी गाड्यांत शिसे आणि दारू भरून नेत, आणि रात्री शेकोटीपाशी बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरीत. दुकान शेकडो मैल दूर, तरी बंदूक थांबत नसे. कातड्याला गिऱ्हाईक होते, माल न्यायला रेल्वे होती. आणि मधला दुवा होती ही मूठभर हत्यारे. १८८३ पर्यंत मोठे कळप संपले. १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी गणती मांडली, तेव्हा साऱ्या उत्तर अमेरिकेत जेमतेम ११०० जनावरे उरली होती.

जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे 'आयडियल' कंपनी काढली ती १८८४ साली. त्यांच्या काही नमुन्यांत गोळी ओतण्याचा साचासुद्धा अडकित्त्याच्या टोकालाच बसवलेला असे. १९२५ साली ही कंपनी लायमन यांनी घेतली, आणि तो घाट पुढे कित्येक वर्षे विकला गेला. म्हणजे सर्वांत सुबक हत्यार घडले ते मैदाने ओस पडल्यावर!

काटकसर हा सद्गुण, असे आपण मुलांना शिकवतो. एक पुंगळी दहादा वापरणारा तो शिकारी कातडे सोलून मांस मात्र बहुधा तिथेच कुजत टाकी. पितळेचा हिशेब त्याने चोख ठेवला होता. जनावरांचा कोणीच ठेवला नव्हता.