लठ्ठपणा हा केवळ शेठजींचा रोग नव्हे

पालघर जिल्हा म्हटला की जव्हार-मोखाड्यातील कुपोषित बालक डोळ्यांपुढे येते, आणि ते यावयासच हवे. परंतु ज्या कोळगावात या जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले, तेथून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांपर्यंतच्या कामगार वस्त्यांत आपल्या कार्यकर्त्यांनी आणखी एका प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १९ टक्के भारतीय स्त्रिया कमी वजनाच्या, तर २४ टक्के अतिवजनाच्या आढळल्या.

या अतिवजनाचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. तो म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. गर्भाशयमुखाचा कर्करोग याहून निराळा. तो प्रामुख्याने विषाणूमुळे होतो. मेद ही काही निर्जीव साठवण नव्हे. पाळी गेल्यानंतर बीजकोशांचे काम थांबते, तरी चरबी अन्य संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवीतच राहते. त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेले नसते. परिणामी अस्तर अनिर्बंध वाढू लागते, आणि लठ्ठपणाबरोबर वाढणारे इन्सुलिन त्या वाढीस खतपाणी घालते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली लठ्ठपणाशी निगडित ठरविलेल्या १३ कर्करोगांत याचा समावेश आहे.

यावर 'बायकांनी जिभेवर ताबा ठेवावा' असा उपदेश करणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो पटणारा नाही. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. भाजी, फळे बाजारभावाने घ्यावी लागतात. पामतेल आणि साखर यांनी पोट स्वस्तात भरते. कारखान्यातून थकून परतणाऱ्या स्त्रीजवळ ना वेळ उरतो, ना पैसा. तिच्या ताटात काय पडावे, हे तिच्या मजुरीने आधीच ठरविलेले असते.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, हे या रोगाचे ठळक लक्षण. असा प्रत्येक रक्तस्राव कर्करोगच असतो असे नव्हे. परंतु तपासणी टाळता कामा नये. वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. आशाताईंच्या तपासणी-पत्रकात हा प्रश्न आहेच. पण उत्तर 'होय' आले तर पुढे काय? रोजंदारी बुडवून परळच्या टाटा रुग्णालयाचे हेलपाटे किती जणींना झेपतील? म्हणून सोनोग्राफी व अस्तराची तपासणी जिल्ह्यातच मोफत व्हावी, आणि कंत्राटी कामगार स्त्रीस त्यासाठी भरपगारी रजा मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर, लाजेपोटी दुखणे दडवू नका, एवढे तरी घरोघर जाऊन सांगणे आपल्या हाती आहे.