कुत्रा जेवत नाही, म्हणून आजीही जेवत नाहीत

संत नामदेवांची एक कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा ती कोरडी कशी खाणार, म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या सदनिकांमध्ये आजही तुपाची वाटी घेऊन कुत्र्याची मनधरणी करणारे आजी-आजोबा आहेत. फरक इतकाच, की त्यांच्यापुढचा कुत्रा पोळी घेऊन पळत नसतो, तर पोळीकडे पाठ फिरवून बसलेला असतो.

श्वानांवर औषधोपचार करणे हे पशुवैद्यांचे काम. मी माणसांचा डॉक्टर. तरीही हा विषय या सदरात घेण्याचे कारण असे, की कुत्र्याच्या न जेवण्याचा परिणाम त्याला सांभाळणाऱ्या ज्येष्ठांच्या प्रकृतीवर होताना मला वारंवार दिसतो. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला किंवा परदेशी गेलेला असतो, त्याने हौसेने आणलेला कुत्रा आई-वडिलांकडे राहिलेला असतो. त्या कुत्र्याशी बोलण्यात, त्याला फिरवण्यात दिवस सरतो. अशा घरात त्याने अन्न नाकारले, की ‘तो जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते.

भावना म्हणून हे वाक्य हृद्य आहे. मधुमेही रुग्णाच्या तोंडी मात्र ते धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेऊन झाल्यावर कुत्र्याच्या मिनतवाऱ्यांत तास गेला, तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे. वृद्धांमध्ये कधी केवळ गोंधळलेपणच दिसते आणि घरचे ते वयावर ढकलतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि लगेच जेवायला बसवावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे घराचा एक नियम: गोळी घेतलेल्या माणसाने आधी जेवायचे, कुत्र्याने नंतर.

रुसवा की आजार?

न खाणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. पहिला गट कायम चोखंदळ असणाऱ्यांचा. असा कुत्रा वाडग्यातला भात हुंगून सोडतो. पण बिस्किटाचा पुडा वाजताच धावत येतो, खेळतो, फिरतो, त्याचे वजन टिकून असते. दुसरा गट काल-परवापर्यंत नीट जेवणाऱ्या आणि अचानक खाणे सोडणाऱ्यांचा. हा रुसवा नव्हे. हे आजाराचे लक्षण समजावे.

आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, गोचीडताप हे त्याचे नेहमीचे कारण. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काही दिसले, तर वाट पाहू नये. म्हाताऱ्या कुत्र्यात किडलेले दात, मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही अन्नावरची वासना जाते. मोठ्या कुत्र्याने पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, किंवा न खाण्याबरोबर उलट्या, जुलाब, पोट फुगणे, धाप असे काही असले, तर पशुवैद्याकडे न्यावे. लहान पिल्लाच्या बाबतीत इतकाही अवधी देऊ नये. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना 1886 सालची आहे. म्हणजे या शास्त्राची परंपरा आपल्या परिसरात सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. तिचा लाभ घ्यावा, शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये.

दोन आजार माणसांपर्यंत पोहोचणारे आहेत, म्हणून ते माझ्याही कक्षेत येतात. पहिला लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या आजाराने डोके वर काढले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. उंदरांच्या, तसेच बाधित कुत्र्यांच्या लघवीतून हे जंतू पसरतात. साचलेल्या पाण्यातून फिरून आलेला कुत्रा जेवेनासा झाला, त्याला ताप किंवा कावीळ दिसली, तर त्याची लघवी हातमोजे घालून, जंतुनाशक टाकूनच पुसावी. त्या दिवसांत घरातल्या कोणाला ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराविषयी आवर्जून सांगावे.

दुसरा रेबीज. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे, हे पाहून ‘घशात हाड अडकले असेल’ असे समजून कित्येक जण त्याच्या तोंडात हात घालतात. हे कदापि करू नये. लस नियमित दिलेल्या कुत्र्यात रेबीजची शक्यता फार कमी असते. तरीही तपासणी पशुवैद्यानेच करावी. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागणे, यांपैकी काहीही झाले तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट लावू नये.

चोखंदळपणा आपणच शिकवतो

कुत्र्याच्या जिभेवरील रुचिकलिका माणसापेक्षा पुष्कळच कमी. त्याला अन्नाची ओळख पटते ती मुख्यतः वासाने. म्हणून फ्रिजमधला थंडगार भात तो नाकारतो आणि तोच कोमट केला की खातो. हा लाडावलेपणा नव्हे. लाडावलेपणा सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. भात सोडला म्हणून अंडे, अंडे सोडले म्हणून चिकन, शेवटी सोफ्यावर बसवून हाताने घास. थांबले की अधिक चांगले मिळते, एवढे गणित कोणत्याही कुत्र्याला चार दिवसांत समजते.

ही सवय मोडण्याची रीत साधी आहे. मात्र ती निरोगी, प्रौढ कुत्र्यासाठीच. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, फिरवून आणल्यानंतर अन्न ठेवावे. वीस मिनिटांनी उरलेले निमूटपणे उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याखेरीज काही देऊ नये. वरचा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या एक दशांशाहून अधिक नसावा. नवे अन्न जुन्यात थोडेथोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. घरकामाच्या ताई, सुट्टीत आलेली नातवंडे, सोसायटीचे सुरक्षारक्षक, सर्वांना हा नियम सांगावा. एकाने चोरून दिलेले बिस्कीट साऱ्यांच्या निश्चयावर पाणी फिरवते. पिल्ले, म्हातारे आणि मधुमेही कुत्रे यांना मात्र असे उपाशी ठेवू नये.

भात-भाकरी कुत्र्याला पचतच नाही, हा समजही बरोबर नाही. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यामध्ये पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती अधिक असतात. माणसाच्या सहवासात त्याचे पोटही बदलले. अर्थात नुसत्या वरणभातावर त्याचे पोषण पुरे होत नाही. प्रथिनांचे प्रमाण किती असावे, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. पुरेसे खातो आहे की नाही, हे बरगड्यांवरून हात फिरवून पाहावे. बरगड्या हाताला लागाव्यात, पण उठून दिसू नयेत.

ताटातले आणि औषधाच्या डब्यातले

मनधरणीच्या भरात ताटातले काहीबाही दिले जाते. कांदा-लसूण शिजलेले असले तरी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहेत; म्हणून आमटी-रश्श्याचा भात देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. बेदाणे घातलेला शिराही वर्ज्य. चॉकलेट विषारी आहे आणि शिजवलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. मधुमेहींच्या घरात एका गोष्टीची विशेष काळजी हवी. साखरविरहित च्युइंगम व काही गोड पदार्थांत वापरले जाणारे झायलिटॉल माणसाला सहसा निरुपद्रवी असले, तरी कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते.

‘अंग दुखत असेल बिचाऱ्याचे’ म्हणून आपल्या डब्यातली गोळी त्याला देणे हा आणखी मोठा धोका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी जठरात रक्तस्राव होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची माणसाची मात्राही त्याला विषासमान ठरू शकते.

भरविण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. जमिनीवर बसून वा ओणवे होऊन भरवताना एकदम उठले, की रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येते. खुर्चीत बसावे, सावकाश उठावे. वाडगे भिंतीलगत ठेवावे, वाटेत ठेवू नये. अंधारात त्याला अडखळून खुब्याचे हाड मोडणे, हे एका वेळच्या न जेवण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

शेवटी काळजीवाहक मुलामुलींना एक विनंती. घरातले माणूस गेले किंवा दूर गेले, की कुत्राही काही दिवस अन्न कमी करतो आणि मागे राहिलेली आईही. कुत्र्याची तक्रार ती बोलून दाखवते, स्वतःची बोलत नाही. म्हणून फोनवर ‘टॉमी जेवला का?’ असे विचारून झाल्यावर लगेच विचारावे, ‘आणि आई, तू किती वाजता जेवलीस? काय जेवलीस?’ उत्तर द्यायला ती अडखळली, तर त्या महिन्यात तिचे वजन आणि साखर तपासून घ्यावी.